सपाट पृष्ठभागाची उपेक्षा

पॅरामेट्रिक मॉडेलिंगचं कौतुक होतं ते पिळदार मनोऱ्यांसाठी आणि लाटांसारख्या छपरांसाठी. ते रास्तच आहे. पण मॉडेल करणाऱ्याची तयारी कळते ती चार वक्ररेषा जोडून त्यांच्या आत सपाट पृष्ठभाग बसवताना, आणि तिथे आपण अजून कच्चे आहोत असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या कामांत या प्रश्नाचा कसून विचार झाला आहे. 2000 साली ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट कोर्टवर चढलेल्या छपरात 3,312 त्रिकोणी काचा आहेत. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, त्यामुळे प्रत्येक काच सपाट राहिली. वक्र छपरात चौकोनी काच सपाट ठेवणं फार अवघड. त्यामागच्या भूमितीवर व्हिएन्नात हेल्मुट पॉटमन आणि सहकाऱ्यांनी मोलाचं संशोधन केलं आहे.

रोजच्या कामात मात्र उलटं दिसतं. डेव्हिड रटन यांचं ग्रासहॉपर हे पॅरामेट्रिक मॉडेलिंगचं साधन 2018 पासून ऱ्हायनो या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्येच मिळतं. त्यात लेझर कटिंगसाठी जाळीचं रेखाटन आणलं, रेषा जोडल्या, सपाट पृष्ठभाग बनवणाऱ्या ‘बाउंडरी सरफेस’ या घटकाला दिल्या, की पुष्कळदा हाती काहीच लागत नाही. या घटकाच्या अटी दोनच: रेषा बंद हवी आणि ती एका प्रतलात हवी. टॉलरन्स, म्हणजे चालवून घेतली जाणारी तफावत, 0.001 मिलिमीटर असेल, तर 0.005ची फट डोळ्याला दिसत नाही, पण रेषा उघडीच राहते. जमीन मोजणीचे लांबलचक सहनिर्देशक तसेच ठेवून शून्यबिंदूपासून फार दूर काम केलं, की आकडेमोडीतली अचूकताही घटते.

अशा वेळी दोन पळवाटा सर्रास वापरल्या जातात. एक, टॉलरन्स वाढवणं. त्याने फट झाकली जाते, पण चूक मॉडेलमध्ये राहते. दुसरी त्याहून वाईट: ‘पॅच’. तो रेषांच्या जवळून जाणारा अंदाजे पृष्ठभाग देतो. रेषा किंचित वर-खाली असतील तर तोही किंचित फुगतो, आणि पडद्यावर तो सपाटच भासतो.

खरं काम जोडणीच्या आधीचं आहे. रेषांवरच्या बिंदूंना सर्वांत जवळचं प्रतल ‘प्लेन फिट’ने काढावं, विचलनाचा आकडा वाचावा, तो मान्य असेल तरच रेषा त्या प्रतलावर प्रक्षेपित कराव्यात आणि मग जोडाव्यात. तिरप्या पत्र्याच्या रेषा सरळ जमिनीच्या प्रतलावर पाडल्या तर मापच आखूड होतं. भोकांचीही काळजी हवी: बाहेरची आणि आतली रेषा डेटा ट्रीच्या, म्हणजे ग्रासहॉपरमधल्या माहितीच्या झाडाच्या, एकाच फांदीत असेल तरच जाळीला भोक पडतं. ग्राफ्ट करून प्रत्येक रेषा वेगळ्या फांदीत नेली, की प्रत्येक भोकावर वेगळं झाकण बसतं.

सॉफ्टवेअरचाही दोष आहेच. रेषा उघडी असल्याचं ग्रासहॉपर सांगतं, पण फट कुठे आहे ते दाखवत नाही. ती जागा शोधायला टोकांमधली अंतरं आपणच मोजावी लागतात. एवढी सोय ‘बाउंडरी सरफेस’मध्येच असायला हवी होती.