प्रमदवनातील पहिला मोहोर

वसंताचे वर्णन करणे ही एक गोष्ट आणि वसंताची चाहूल लागणे ही दुसरी. संस्कृत काव्यात पहिलीचे वैभव अमाप आहे. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात शंकराच्या तपोवनात अकाली वसंत अवतरतो. अशोक तत्काळ फुलतो, आम्रमंजरीचे बाण सिद्ध होतात आणि पाहता पाहता सारे वन पालटते. तेथे वाचक दिपून जातो. परंतु ऋतू आल्याचे प्रथम कोणाच्या ध्यानी आले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तो प्रश्न कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकात, दुष्यंताच्या प्रमदवनात, घातला आहे.

या प्रसंगाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. चौथा अंक सर्वांत रम्य, हा अभिप्राय आपण परंपरेने स्वीकारला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पुण्यातील पहिला प्रयोगही (३१ ऑक्टोबर १८८०) पहिल्या चार अंकांचाच होता. सहाव्या अंकातले आपल्याला स्मरते ते अंगठीचे आणि पश्चात्तापाचे. त्याआधी दोन उद्यानपालिका आंब्याची एक कळी तोडतात, एवढ्याशा प्रसंगाला केवळ प्रस्तावनेचे मोल दिले जाते.

प्रसंग असा. परभृतिकेला आंब्याचा कोवळा मोहोर प्रथम दिसतो आणि ती आपल्याशीच काही पुटपुटते. तिचे नाव कोकिळेचे, सखी मधुकरिकेचे भ्रमरीचे. तेव्हा ही वार्ता त्यांनाच प्रथम कळावी हे उचितच. सखीचा आधार घेऊन मधुकरिका चवड्यांवर उभी राहते आणि कळी खुडते. पूजेच्या फळात परभृतिका अर्धा वाटा मागते. संस्कृत नाटकाच्या संकेताप्रमाणे स्त्रियांचे गद्य शौरसेनीत आणि पद्य महाराष्ट्री प्राकृतात असते. त्यामुळे या मोहोराला उद्देशून म्हटलेले पद्य मराठीच्या पूर्वज भाषेत यावे, याचे परमुलखातील मराठी वाचकाला थोडे अप्रूप वाटल्यास नवल नाही.

इतक्यात कंचुकी रागावून येतो. राजाने वसंतोत्सव बंद केला असता या मुली कळ्या खुडतात म्हणजे काय? दोघी क्षमा मागतात आणि कारण सांगतात. मित्रावसू या राजाच्या मेहुण्याने त्यांना काही दिवसांपूर्वीच राणीच्या सेवेस धाडले आहे; प्रमदवनाची राखण त्यांच्याकडे नुकतीच आली आहे; आज्ञा त्यांच्या कानावर पोचलेलीच नाही. बदलीच्या गावी पहिले काही दिवस काढलेल्या कोणालाही हे उत्तर अपरिचित वाटणार नाही.

कंचुकीचे त्यावरील म्हणणे प्रसिद्ध आहे. वृक्षांनी आणि पक्ष्यांनीसुद्धा आज्ञा पाळली, असे तो सांगतो: मोहोर येऊन दिवस लोटले तरी त्यात पराग धरत नाही, कोरांटी कळीपाशीच थांबली आहे, शिशिर सरूनही कोकिळाचा स्वर कंठात अडला आहे, आणि खुद्द मदनानेही भात्यातून अर्धा काढलेला बाण भिऊन परत घातला आहे. या श्लोकात राजाचा प्रभाव वर्णिला आहे असे समजून आपण पुढे जातो. मला हे वाचन अपुरे वाटते.

हा श्लोक कवीचा आहे, त्याचप्रमाणे तो एका पात्राचाही आहे. कंचुकी दुष्ट नव्हे. पाचव्या अंकात, अधिकाराचे चिन्ह म्हणून घेतलेली वेताची काठी आता चालताना आधाराला लागते, असे सांगणारा तो वृद्ध, निष्ठावंत सेवक आहे. अशा सेवकाला आज्ञा आणि वस्तुस्थिती यांत अंतर दिसेनासे होते. पराग नाही, एवढे त्याने बिनचूक पाहिले. त्याचा अर्थ मात्र त्याने आज्ञेवरून लावला. उलट मधुकरिका तीच न उमललेली कळी खुडते आणि देठ तुटताच सुटलेला सुगंध तिला जाणवतो. दोघांची साक्ष एकाच कळीविषयी आहे आणि दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाला तीत थांबलेला वसंत दिसतो, दुसरीला आलेला.

यांपैकी कालिदासाचा कौल कोणाकडे? उत्तर त्याच अंकात आहे. थोड्याच वेळाने राजा विदूषकाला सांगतो, की शकुंतलेची स्मृती झाकणारा अंधार मनावरून दूर होतो न होतो तोच मदनाने धनुष्यावर आम्रमंजरीचा बाण चढवला. म्हणजे जो बाण भात्यात परत गेल्याचे कंचुकीने सांगितले, तोच आज्ञा देणाऱ्या राजाला लागतो आहे! विदूषक तर काठी उगारून तो मोहोर झोडपायला निघतो, आणि त्या दुःखातही राजाला हसू येते. आज्ञेने जे थांबले नाही ते काठीने काय थांबणार?

या दृष्टीने पाहिले म्हणजे उद्यानपालिकांचा प्रसंग केवळ प्रस्तावना राहत नाही. नाकारलेली गोष्ट नाहीशी होत नाही, हेच सहाव्या अंकाचे सूत्र आहे. राजाने शकुंतलेला नाकारले, पुढे वसंताला मनाई केली. दोन्ही वेळा त्याच्या शब्दापलीकडचे सत्य उरले, आणि त्याची खूण दोन्ही वेळा सामान्य हातांनाच सापडली. अंगठी एका कोळ्याला मिळाली आणि मोहोर दोन नवख्या मुलींना. जुने जाणते नोकर त्याच आंब्याखालून रोज जात असतील. परंतु यंदा वसंत नाही हे त्यांना आधीच ठाऊक होते. या दोघींना ते कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्यांनी फांदीकडे पाहिले. कंचुकीचा श्लोक पाठ करताना रसिकाने चवड्यांवर उभी राहिलेली मधुकरिकाही नजरेआड होऊ देऊ नये.