‘गंभीर’ व्यंग : गर्भसमापनविषयक कायद्यातील एका विशेषणाचे परीक्षण

१

प्रसवपूर्व निदानात व्यंग आढळल्यानंतर गर्भ राखावा की राखू नये, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या चर्चेत बहुधा गर्भाचा जीविताधिकार विरुद्ध स्त्रीचा स्वशरीराधिकार अशा स्वरूपात मांडला जातो. ही मांडणी असत्य नव्हे. परंतु ती अपुरी होय. ज्या स्त्रीने मूल हवे म्हणून गर्भ धारण केला, तो चार-पाच महिने वाढविला, आणि जिला एका तपासणीनंतर त्याच गर्भाविषयी निर्णय करणे भाग पडते, तिच्यापुढचा प्रश्न ‘मूल हवे की नको’ हा नसून ‘हे मूल हवे की नको’ हा असतो. पहिल्या प्रश्नात स्त्रीच्या आयुष्याचा विचार प्रधान असतो. दुसऱ्यात होणाऱ्या मुलाच्या आयुष्याचे मूल्यमापन अपरिहार्यपणे येते. भारतीय कायद्याने हे मूल्यमापन ‘गंभीर’ या एका विशेषणावर सोपविले आहे. हे विशेषण कोठून आले, ते काय सांगते आणि काय झाकते, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

गर्भपाताच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस सादर झाला, आणि त्यातून पुढे १९७१ चा वैद्यकीय गर्भसमापन अधिनियम सिद्ध झाला. मूल जन्मल्यास ते शारीरिक वा मानसिक विकृतींमुळे गंभीरपणे अपंग होण्याचा भरीव धोका असल्यास गर्भसमापनास अनुमती देणारे त्यातील कलम मात्र स्वतंत्र चिंतनाचे फळ नव्हे. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यातील शब्दयोजनाच त्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे हातापायांची वाढ खुंटलेली मुले १९६० च्या आसपास युरोपात जन्मास आली, त्या आघाताची छाया त्या इंग्रजी वाक्यावर होती.

तथापि महाराष्ट्राच्या वैचारिक भूमीस ही कल्पना सर्वस्वी परकी होती असेही म्हणता येत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतातील कामप्रश्नावर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला तो उघडपणे सुप्रजाजननाच्या चळवळीचा पुरस्कार करणारा होता. संततिनियमनाचा विचार स्त्रीच्या मुक्ततेसाठी आणि संततीच्या ‘सुधारणे’साठी, अशा दोन निरनिराळ्या हेतूंनी आपल्याकडे आला, आणि हे दोन हेतू प्रारंभापासून एकमेकांत मिसळून गेले. आजच्या कायद्यातील संदिग्धतेचे मूळ या मिश्रणात आहे.

३

२०२१ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षी २४ सप्टेंबरपासून अमलात आली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे आहे. वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत नियमांत नमूद केलेल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात भरीव विकृती असल्याचे निदान केल्यास कालमर्यादा उरतच नाही. ब्रिटनने हीच मर्यादा १९९० मध्ये काढून टाकली होती.

या दुरुस्तीत शब्दांचा एक बदल झाला, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. १९७१ च्या पाठात विकृती अशी असावी लागे की जिच्यामुळे मूल ‘गंभीरपणे अपंग’ होईल. म्हणजे कसोटी मुलाच्या पुढील जगण्याची होती. २०२१ च्या पाठात कोणतीही ‘गंभीर शारीरिक वा मानसिक विकृती’ पुरेशी ठरते. म्हणजे कसोटी जगण्यावरून शरीरावर आली. दोन्ही पाठांत ‘गंभीर’ शब्दाची व्याख्या नाही. ऑक्टोबर २०२१ च्या नियमांत तर जीवनाशी विसंगत ठरणारी विकृती आणि गंभीर अपंगत्व आणणारी विकृती या दोन गोष्टी ‘किंवा’ या अव्ययाने एकाच वाक्यात जोडल्या गेल्या. अ‍ॅनेन्सेफलीत, म्हणजे मेंदूचा व कवटीचा मोठा भाग तयारच न होण्याच्या विकृतीत, जन्मानंतरचे आयुष्य बहुधा तासांचे वा दिवसांचे असते. डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती शिकते, काम करते, प्रौढ होते. या दोन स्थितींत केवळ प्रमाणाचा नव्हे, तर जातीचा भेद आहे. आणि नेमका तोच भेद त्या अव्ययाने पुसला गेला आहे.

याच कायद्याशेजारी दुसरे दोन कायदे ठेवून पाहिले म्हणजे विसंगती अधिक स्पष्ट होते. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राने त्याचा मार्ग अनुसरला. मुलगी म्हणून गर्भ नाकारणे हा व्यक्तिगत निवडीचा विषय नसून समस्त स्त्रीजातीच्या प्रतिष्ठेवरचा आघात आहे, हे त्या कायद्याचे नैतिक अधिष्ठान होय. परंतु त्याच कायद्याने गुणसूत्रांतील दोष, हिमोग्लोबिनचे विकार, जन्मजात विकृती इत्यादींच्या शोधासाठी प्रसवपूर्व निदान विहित मानले. उलटपक्षी, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या एकवीस दिव्यांगत्वांना मान्यता दिली, त्यांत थॅलेसेमिया व सिकलसेल हे हिमोग्लोबिनचेच विकार समाविष्ट आहेत. एका कायद्याच्या यादीत जे नाव शोधून काढावयाच्या दोषाचे, तेच दुसऱ्या कायद्याच्या यादीत समान प्रतिष्ठेस पात्र अशा व्यक्तीच्या ओळखीचे आहे. दोन्ही याद्या एकाच संसदेच्या आहेत.

४

न्यायालयीन निर्णयांतही हीच गुंतागुंत दिसते. २००८ मध्ये मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार व एक दांपत्य यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. गर्भास जन्मजात हार्ट ब्लॉक असल्याचे निदान वीस आठवडे उलटून गेल्यावर झाले होते. न्यायालयाने ४ ऑगस्ट २००८ रोजी अनुमती नाकारली. पुढे त्याच महिन्यात त्या स्त्रीचा गर्भपात नैसर्गिकपणे झाला. कालमर्यादेच्या प्रश्नाची देशव्यापी चर्चा या प्रकरणापासून सुरू झाली.

जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयापुढे आठव्या महिन्यातील गर्भाचे प्रकरण आले. गर्भात मायक्रोसेफली व स्पायना बायफिडा, म्हणजे अनुक्रमे डोक्याची वाढ खुंटणे व पाठीचा कणा पूर्ण न जुळणे, या विकृती होत्या. गर्भ फार वाढलेला असल्याने वैद्यकीय मंडळाने समापनाविरुद्ध मत दिले. न्यायालयाने ते स्वीकारले नाही. निवडीचा अधिकार स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असा निर्वाळा त्याने दिला. उलट त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवड्यांच्या गर्भाच्या एका प्रकरणात अनुमती नाकारली. ती स्त्री दोन मुलांची माता होती आणि प्रसूतीनंतरच्या मानसिक विकाराने त्रस्त होती. परंतु गर्भात विकृती नव्हती आणि मातेच्या जीवितास तत्काळ धोका नव्हता.

हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी कायद्याच्या अक्षरास धरून आहेत, आणि म्हणूनच ते एकत्र वाचणे उद्‌बोधक ठरते. चोवीस आठवड्यांनंतर स्त्रीच्या निवडीचा अधिकार जागृत होतो तो गर्भ सव्यंग असल्यास. गर्भ अव्यंग असल्यास तोच अधिकार मावळतो. स्त्रीचे दुःख, तिची शक्ती, तिची परिस्थिती यांत निर्णायक असे काहीच नाही. निर्णायक आहे ते गर्भाचे शरीर. जो अधिकार स्त्रीचा म्हणून गौरविला जातो तो वस्तुतः व्यंगाच्या प्रमाणपत्रावर मिळणारा परवाना ठरतो. स्त्रीला स्वातंत्र्य देण्यासाठी राज्यसंस्थेला आधी असे घोषित करावे लागते की, हे जीवन इतर जीवनांइतके रक्षणीय नाही. या घोषणेत स्त्रीचा सन्मान नाही आणि दिव्यांगांचाही नाही.

५

‘गंभीर’ हे विशेषण गर्भाच्या शरीरास लावता येते, हे या सर्व रचनेचे गृहीतक आहे. ते कितपत टिकते हे पाहण्यास पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका सोयीचा आहे. या तालुक्याच्या पूर्व टोकास हिंजवडीची संगणक-उद्योगांची वसाहत आहे. पश्चिमेस टाटांच्या धरणाचा जलाशय, ताम्हिणीचा घाट आणि अतिवृष्टीच्या प्रदेशातील विखुरलेल्या वाड्या आहेत. मध्ये पौड हे तालुक्याचे ठाणे.

समजा, या दोन टोकांस राहणाऱ्या दोन स्त्रियांच्या तपासणीत स्पायना बायफिडाची सारखीच विकृती आढळली. जन्मानंतर दोन्ही मुलांस शस्त्रक्रिया लागेल, चालण्यासाठी वर्षानुवर्षे व्यायामोपचार लागतील, लघवीसाठी नळीचा नियमित व निर्जंतुक उपयोग शिकावा लागेल, आणि पुढे चाकाच्या खुर्चीस वाट देणारी शाळा लागेल. हिंजवडीतील कुटुंबास उपचारासाठी शहरात जाणे हे वेळेच्या नियोजनाचे काम आहे. जलाशयापलीकडील वाडीत राहणाऱ्या कुटुंबास तेच जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीची प्रतीक्षा आणि पावसाळ्यात अनिश्चितता. सोनोग्राफीच्या पडद्यावरील चित्र एक, परंतु आयुष्ये दोन. पहिल्या घरात जे व्यंग सोसण्याजोगे, ते दुसऱ्या घरात गंभीर. तेव्हा गांभीर्याचा बराच मोठा अंश मणक्यात नसून रस्त्यात, शाळेत, दवाखान्यात आणि घरातील मनुष्यबळात असतो.

याचा अर्थ सारे गांभीर्य समाजनिर्मित असते असा मात्र नव्हे. अ‍ॅनेन्सेफलीचे गांभीर्य कोणत्याही रस्त्याने कमी होणारे नाही. वेदना, अल्पायुष्य, वारंवारच्या शस्त्रक्रिया ही शरीराची सत्ये आहेत. त्यांस केवळ पूर्वग्रह म्हणून झटकणे हे दिव्यांग व्यक्तींच्याच अनुभवाशी अप्रामाणिक होईल. येथे इतकेच म्हणावयाचे आहे की, कायद्याचे एकच विशेषण या दोन्ही प्रकारच्या गांभीर्यांना कवेत घेते, आणि दुसऱ्या प्रकाराची जबाबदारी राज्यसंस्थेवरून काढून गर्भावर टाकते.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, व्यंगावरून गर्भ नाकारणे हे लिंगावरून नाकारण्यासारखेच आहे असे मानल्यास, त्यावरही बंदी घालणे प्राप्त होते. परंतु हे अनुमान घाईचे आहे. मुलीचे जन्मणे आईवर जो भार टाकते तो सर्वस्वी समाजाने लादलेला असतो. व्यंगाच्या बाबतीत भार अंशतः देहाचा असतो, आणि तो उचलण्याचे काम आपल्या कुटुंबव्यवस्थेत बहुतांशी आईच्याच वाट्यास येते. ज्या राज्यसंस्थेने उपचाराची सोय वाडीपर्यंत नेली नाही, तिने त्या वाडीतील स्त्रीस गर्भ राखण्याची सक्ती करणे हा दुहेरी अन्याय होईल. शिवाय सक्तीचा इतिहास दिव्यांगांच्या बाजूचा नाही. १९९४ मध्ये याच पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली, तेव्हा मासिक पाळीतील स्वच्छतेचे कारण पुढे करण्यात आले होते. त्या मुलींच्या शरीराविषयीचा निर्णय इतरांनी केला होता. पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीच्या संमतीविना तिचा गर्भपात करता येणार नाही असे ठरविले. स्त्रीच्या निर्णयाचा अधिकार आणि दिव्यांगांची प्रतिष्ठा ही परस्परविरोधी तत्त्वे नसून एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत, हे या दोन घटनांवरून ध्यानात येते.

दुसरा आक्षेप असा की, निर्णय स्त्रीचाच असेल तर कायद्याचे शब्द कोणते आहेत याने काय बिघडते? बिघडते ते असे की, निर्णय शब्दांच्या छायेत होतो. तपासणीनंतर ‘विकृती’, ‘दोष’, ‘धोका’ हेच शब्द कानी पडत राहिले, तर त्यांतून एक सल्ला आपोआप ध्वनित होतो, मग तो कोणी उच्चारो वा न उच्चारो. नियमांची घडणही याच वळणाची आहे. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे आणि अर्जापासून पाच दिवसांत, योग्य समुपदेशनासह, समापन पार पाडावे असे ते सांगतात. समुपदेशनाचा उल्लेख आहे, परंतु तो शस्त्रक्रियेच्या वाक्यात आहे. म्हणजे निर्णय झाल्यानंतरचा. निर्णयापूर्वी त्या व्यंगासह जगणे कसे असते हे समजून घेण्याची तरतूद त्या वाक्यात नाही.

७

या परीक्षणातून दोन निष्कर्ष निघतात. एक, उत्तर-गर्भावस्थेतील समापनाचा आधार गर्भाच्या सदोषतेवरून हलवून स्त्रीच्या परिस्थितीवर ठेवला पाहिजे. असे केल्याने कोणाही स्त्रीचे आजचे स्वातंत्र्य कमी होणार नाही. मात्र राज्यसंस्थेच्या मुखातून एका वर्गाच्या जीवनमूल्याविषयी जो निवाडा उच्चारला जातो तो थांबेल. दोन, तोपर्यंत विद्यमान चौकटीतही एक सुधारणा शक्य आहे. वैद्यकीय मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि क्ष-किरण वा सोनोग्राफीतज्ज्ञ असावेत असे सांगून, राज्य शासन अधिसूचित करील त्या अन्य सदस्यांसाठीही अधिनियमाने जागा ठेवली आहे. त्या जागेवर पुनर्वसनाचा जाणकार आणि दिव्यांगत्वाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती यांची नेमणूक करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. मत लादण्यासाठी नव्हे, तर स्त्री विचारील त्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी ही व्यक्ती तेथे असावी.

असे झाल्यावरही मुळशीच्या त्या वाडीतील स्त्री कदाचित गर्भ न राखण्याचाच निर्णय करील. तो तिचा अधिकार आहे, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु तिचा निर्णय मुलाच्या मणक्यामुळे झाला की वाडीला रस्ता नाही म्हणून झाला, हा प्रश्न मात्र शिल्लक राहील. आणि त्याचे उत्तर देण्याचे दायित्व तिचे नव्हे.