कादंबरीतला अँथ्रॅक्स आणि वाड्यावरची काळपुळी

रॉबिन कुक यांच्या वैद्यकीय थरारकथा मराठी वाचकाला नव्या नाहीत. त्यांच्या अनेक कादंबऱ्या अनुवादित होऊन तालुक्याच्या ग्रंथालयांपर्यंत पोचल्या आहेत. जैविक दहशतवादावरची ‘व्हेक्टर’ ही त्यांची कादंबरी १९९९ सालची. तिची एक जुनी इंग्रजी प्रत आमच्या कडेगावात गेले वर्षभर हातोहात फिरते आहे. आम्ही काही शिक्षकांनी ती वाचली, अकरावी-बारावीच्या काही मुलांनी वाचली आणि ज्यांना इंग्रजी जड गेले त्यांना आम्ही ती चार-पाच बैठकांत मराठीतून सांगितली. ऐकणाऱ्यांत काही पालकही येऊन बसत. वाचून-ऐकून कोण काय म्हणाले, त्याविषयी हा लेख आहे. कादंबरीचे परीक्षण त्या ओघात होईल तेवढेच.

कथानक थोडक्यात असे. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवणारा युरी डेव्हिडोव्ह हा एके काळी सोव्हिएत रशियातील स्वेर्दलोव्स्क येथील जैविक शस्त्रांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. अमेरिकेत पदरी निराशा आली म्हणून तो सूडाला प्रवृत्त होतो आणि वंशद्वेषाने पेटलेल्या काही गोऱ्या अमेरिकनांशी हातमिळवणी करतो. आपली भुकटी काम करते की नाही हे पाहण्यासाठी तो गालिच्यांच्या एका व्यापाऱ्याला टपालाने पाकीट पाठवतो. व्यापारी मरतो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. जॅक स्टेपलटनला अँथ्रॅक्स सापडतो. पण गालिचे परदेशातून आलेले, लोकर-कातड्याशी संबंध असलेले, तेव्हा रोग तिथूनच आला असणार, असे मानून आरोग्य खाते प्रकरण मिटवते. (स्टेपलटन हा पूर्वाश्रमीचा नेत्रतज्ज्ञ आहे. लेखकही नेत्रतज्ज्ञच. नायकाला आपला पेशा देण्याचा मोह कुक यांना आवरलेला नाही.)

पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: “सर, हे खरंच होऊ शकतं का?” त्यापाठोपाठ एका मुलाने विचारले की, मोहरममध्ये गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, तेव्हा एवढ्या गर्दीत कोणी अशी भुकटी सोडली तर? प्रश्न गैर नव्हता. पण मागच्या बाकावरून लगेच कोणीतरी, असे कोण करील, याचेही उत्तर देऊन टाकले आणि त्यात एका समाजाचे नाव घेतले. वर्ग गप्प झाला. त्या समाजाची मुलेही समोर बसलेली होती.

या क्षणी कादंबरी बाजूला ठेवून आम्हाला बोलावे लागले. पुस्तकातला गुन्हेगार रशियन, त्याचे साथीदार गोरे ख्रिस्ती अमेरिकन. मग हे नाव आले कुठून? ते पुस्तकात नव्हते. वाचणाऱ्याने ते आपल्या वर्तमानपत्रांतून आणले होते. बरे, ज्या ताबुतांचे उदाहरण घेतले ते कडेगावात हिंदू आणि मुसलमान मिळून उभारतात, हे त्या मुलाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्याच्या स्वतःच्या घरचे लोक दोर धरायला जातात. थरारकथा वाचकाच्या मनात भीतीची एक रिकामी जागा तयार करते आणि ती जागा लेखकाने सांगितलेल्या माणसानेच भरली जाईल, याची खात्री नसते. कुक यांना यासाठी दोष देता येणार नाही. वर्गात असले पुस्तक नेणाऱ्या शिक्षकाने मात्र याची तयारी ठेवलीच पाहिजे. आम्ही ठेवली नव्हती.

दुसरी प्रतिक्रिया कौतुकाची. पुस्तक १९९९ चे आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटे टपालाने गेली ती २००१ मध्ये. म्हणजे लेखकाने भविष्य ओळखले, असे आमच्यातल्या दोघा शिक्षकांचेही मत पडले. आम्हाला ते पटत नाही. २००१ च्या त्या पत्रांमुळे २२ जणांना लागण झाली. त्यांपैकी ११ जणांच्या फुप्फुसांत रोग गेला व ५ दगावले. उरलेल्या ११ जणांच्या फक्त त्वचेला लागण झाली आणि ते सगळे वाचले. पण गुन्हेगार कोण? अमेरिकेच्या तपास यंत्रणेने २०१० मध्ये प्रकरण बंद करताना ठपका ठेवला तो ब्रूस आयव्हिन्स यांच्यावर. ते अमेरिकी लष्कराच्याच प्रयोगशाळेतले अँथ्रॅक्सच्या लशीवर काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी २००८ मध्ये आत्महत्या केली होती. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सांगितले की, केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून जंतूंच्या उगमाचा निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही. पाकिटाची कल्पना जुळली. बाकीचे काही जुळले नाही. तळघरात एकट्याने शस्त्र बनवणारा परका माणूस ही कादंबरीची सोय आहे.

एका विद्यार्थ्याची तक्रार होती की, भुकटी कशी बनवतात ते लेखकाने नीट सांगितलेच नाही. ते सांगितले नाही हे उत्तमच झाले, असे आम्ही त्याला म्हणालो आणि पुढे गेलो.

तिसरी प्रतिक्रिया अशी होती की, तिने आमचीच चूक दाखवून दिली. एका मुलाचे आजोबा, जन्मभर मेंढरे राखलेले, कोपऱ्यात बसून ऐकत होते. “गुरुजी, त्या अँथरेक्सानं जनावरं मरत्यात का?” त्यांनी विचारले. मरतात, म्हटल्यावर लक्षणे विचारली. आम्ही सांगू लागलो तसे त्यांनीच पुढचे सांगितले: सकाळी चरायला गेलेले मेंढरू दुपारी आडवे, नाकातोंडातून काळे, न गोठणारे रक्त. “ही तर फाशी, गुरुजी! काळपुळी म्हणत्यात ती. असं मेल्यालं जनावर फाडायचं न्हाई, आमचा बा सांगायचा.”

चार बैठका आम्ही ‘अँथ्रॅक्स, अँथ्रॅक्स’ म्हणत होतो आणि मेंढरांच्या मुलखात तो शब्द एखाद्या परग्रहावरच्या रोगासारखा वाजत होता. वास्तविक दोन्ही नावे एकच गोष्ट सांगतात. ग्रीक भाषेत ‘अँथ्रॅक्स’ म्हणजे कोळसा. माणसाच्या कातडीला हा रोग झाला की न दुखणारी पुळी येते आणि तिच्यावर काळी खपली धरते. आपल्या लोकांनीही तेच पाहून नाव ठेवले, काळपुळी. नाव कळले तसे प्रश्न बदलले. भुकटी कोण उडवील, हे मागे पडले आणि मेलेले जनावर का फाडायचे नाही, यावर तासभर चर्चा झाली.

कारण असे. जिवंत जनावरात हे जंतू वाढत असतात. शव उघडले, त्यांना हवा लागली की ते बीजाणूंचे रूप घेतात आणि हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या बॉम्बची चाचणी घेतली. ते बेट निर्जंतुक करून सुरक्षित ठरवायला १९९० साल उजाडले. शव न उघडता खोल पुरणे, चुना टाकणे, रोगाच्या भागात दरवर्षी लस टोचणे, हे उपाय म्हणूनच आहेत. रोग एका माणसाकडून दुसऱ्याला हवेतून होत नाही, हेही इथे स्पष्ट करावे लागले. करोनानंतर आपल्या मुलांना प्रत्येक साथ तशीच पसरते असे वाटू लागले आहे, आणि कादंबरीही हा गैरसमज दूर करण्याची फारशी घाई करत नाही.

कुक यांच्यावर आमचा खरा आक्षेप स्वेर्दलोव्स्कबाबत आहे. युरीच्या पूर्वायुष्यापुरता त्या गावाचा उपयोग करून ते पुढे निघून जातात. पण तिथे जे घडले त्यापुढे ही सगळी कादंबरी फिकी आहे. २ एप्रिल १९७९ रोजी तिथल्या लष्करी कारखान्यातून बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे मेली. सरकारने सांगितले, लोकांनी रोगट मांस खाल्ले. फाइना अब्रामोवा आणि लेव ग्रिनबर्ग या स्थानिक विकृतिशास्त्रज्ञांनी शवविच्छेदने केली होती. रुग्णालयाची कागदपत्रे गुप्त पोलिसांनी नेली, तरी या दोघांनी ऊतींचे नमुने आणि टिपणे जपून ठेवली. मांसातून रोग झाला असता तर मुख्य खुणा आतड्यांत दिसायला हव्या होत्या. नमुन्यांत त्या छातीतल्या लसिका ग्रंथींत होत्या. म्हणजे जंतू श्वासातून गेले होते.

१९९२ मध्ये येल्त्सिन यांनी लष्कराचा हात असल्याचे कबूल केले आणि त्याच वर्षी मॅथ्यू मेसेल्सन यांच्या गटाला तिथे जाता आले. मेलेली माणसे त्या दिवशी कुठे होती, हे त्यांनी घरोघर विचारून नकाशावर मांडले. बहुतेक ठिपके कारखान्यापासून निघणाऱ्या सुमारे चार किलोमीटरच्या अरुंद पट्ट्यात पडले. त्याच रेषेत पुढे पन्नासेक किलोमीटरपर्यंतच्या खेड्यांत जनावरे मेली होती. त्या दिवशी वारा त्याच दिशेने वाहत होता. हा निबंध १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. एक नकाशा, वाऱ्याची नोंद आणि मेंढ्यांच्या मरणाचे दिवस एवढ्या साहित्यावर एका महासत्तेचे खोटे उघडे पडले. आम्ही मुलांना नुसता ठिपक्यांचा नकाशा काढून दिला आणि वारा कुठून वाहत होता ते विचारले. भूगोलात नापास होणाऱ्या मुलीने सर्वांत आधी सांगितले.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर १९३३ चे पाकूर प्रकरण आहे. इस्टेटीच्या वादातून बिनयेंद्र पांडे याने हावडा स्टेशनावर सावत्रभाऊ अमरेंद्रला प्लेगच्या जंतूंची सुई टोचवली. जंतूंसाठी त्याचा डॉक्टर साथीदार मुंबईला आला होता आणि आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात काम करण्याची परवानगी मिळवून त्याने तिथे प्लेगचे जंतू हाताळले होते. अमरेंद्र ४ डिसेंबरला मेला. रक्ताच्या तपासणीत प्लेगचे जंतू निघाले आणि खुनाला वाचा फुटली. इथेही तळघर नाही. होते ते परवानगीपत्र आणि ओळखीपाळखी.

‘व्हेक्टर’ वर्गात वाचायची असेल तर व्यापाऱ्याच्या शवविच्छेदनापासून आरोग्य खात्याने प्रकरण मिटवण्यापर्यंतचा भाग निवडावा. समाधानकारक वाटणारे उत्तर चुकीचे कसे असू शकते, हे त्यात फार चांगले उतरले आहे. पुढचा पाठलाग आणि मारामारी मुले घरी वाचतातच. आणि आधी विचारून घ्यावे, कोणाच्या घरी मेंढरे आहेत. आमच्या वर्गात नऊ हात वर आले, त्यांतल्या चौघांना यंदा लस टोचली की नाही हे ठाऊक नव्हते.