अश्रू कोणाच्या खात्यावर?

मागच्या व्याख्यानात आपण करुण रसापाशी थांबलो होतो. भरतमुनींनी त्याचा स्थायीभाव शोक सांगितला, आणि लगेच तो जुना प्रश्न उभा राहिला. शोक जर दुःखदायक, तर माणसं पदरचे पैसे मोजून तो बघायला का जातात? आज हा प्रश्न मी दोन मराठी चित्रपटांवर घासून बघणार आहे. एक १९९१चा ‘माहेरची साडी’ आणि दुसरा २००४चा ‘श्वास’. दोन्हींनी थिएटरं रडवली.

आधी थोडी शास्त्रचर्चा, फार नाही. कॉलिन रॅडफर्ड या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७५ साली असा मुद्दा मांडला, की जी व्यक्ती मुळात नाहीच हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, तिच्यासाठी रडणं तर्काला धरून नाही. आपल्याकडे भट्टनायकाने हजार वर्षांपूर्वी साधारणीकरणाची कल्पना मांडली होती. रंगमंचावरचा शोक अमक्या एकाचा राहत नाही. तो धड माझा नसतो, धड परक्याचाही नसतो, म्हणून तर त्याचा आस्वाद घेता येतो. न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ हीसुद्धा याच वाटेवरची. दुसऱ्याच्या जागी जायचं, पण स्वतःचं भान सोडायचं नाही.

अभिनवगुप्त याच्या पुढे जातो. रसाच्या आड येणारी सात विघ्नं तो सांगतो. त्यातलं एक आज आपल्या कामाचं आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. म्हणजे पडद्यावरच्या बाईसाठी न रडता तुम्ही स्वतःसाठीच रडत असाल, तर तो रस नव्हे.

आता ‘माहेरची साडी’ घ्या. आई बाळंतपणात जाते, म्हणून बाप मुलीला अपशकुनी ठरवतो. भावाचा तेवढा जीव. पुढे सासर, तिथे सासूचा छळ. अलका कुबल यांची लक्ष्मी सगळं सोसते. बायका गटागटाने हा चित्रपट बघायला गेल्या आणि पदर ओले करून परतल्या. आम्ही विद्यापीठातली मंडळी तेव्हा हसलो. ‘रुमाल घेऊन जा’ हा विनोद सगळीकडे चालला होता. अभिनवगुप्ताच्या मापाने बघितलं तर आमचं हसणं शास्त्रशुद्धच ठरेल, कारण त्या बायका लक्ष्मीच्या निमित्ताने स्वतःसाठीच रडत होत्या.

पण इथे मला अभिनवगुप्ताशी भांडायचं आहे. त्याचा सहृदय कोण? काव्याच्या अभ्यासाने ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालंय, तो. ज्या बाईला सासरी रडायला जागा नाही आणि माहेरी गेलं तर ‘आता तेच तुझं घर’ हे ऐकावं लागतं, तिने हा आरसा कुठून आणायचा? अंधारात, शेजारणीच्या बाजूला बसून, कोणीही कारण न विचारता तीन तास रडता येणं ही तिच्या आयुष्यातली लहान गोष्ट नव्हती. त्या रडण्याला खोटं म्हणायचा अधिकार मला तरी नाही.

मग चित्रपटात खोट कुठे आहे? बघा, रडणं खरं आहे, पण चित्रपट ते जमा कोणाच्या खात्यावर करतो? ज्या बापाने आयुष्यभर मुलीला दूर लोटलं, त्याला शेवटी पश्चात्ताप होतो. तोही रडतो, आपणही रडतो. त्या एका पुरात हिशेब वाहून जातो. मुलगी मात्र गेलेली असते. बापाला उपरती व्हायला मुलीचा जीव जावा लागतो, आणि हे आपल्याला भीषण वाटण्याऐवजी पवित्र वाटतं. तिची सहनशक्ती हाच तिचा मोठेपणा ठरतो. थिएटरातून बाहेर पडलेली बाई हलकी झालेली असते, आणि त्याच घरी, त्याच चुलीपुढे परत जाते.

आता ‘श्वास’. संदीप सावंत यांचा हा चित्रपट. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, शहरातल्या डॉक्टरकडे आणतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. इथे खलनायक नाही, म्हणजे राग काढायला कोणी नाही. आणि एक विलक्षण अट आहे: शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगितलं पाहिजे. कोणी सांगायचं? कोणत्या शब्दांत? चित्रपटाचा बराचसा ताण या साध्या प्रश्नावर उभा आहे.

शस्त्रक्रिया लांबते, तेव्हा आजोबा परशाला घेऊन हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर पडतात. त्याने जग एकदा बघून घ्यावं म्हणून. त्या भागात आपलं काय होतं ते आठवा. आपण परशाबरोबर बघायला लागतो. रस्ता, रंग, गर्दी, रोज न बघता ओलांडलेल्या गोष्टी. डोळ्यांत पाणी येतं, पण ते पाणी नजर धूसर करत नाही, उलट आपण जास्त नीट बघतो. डॉक्टर आधी संतापतात. त्यांचंही चूक नाही आणि आजोबांचंही नाही. चित्रपट कोणालाच स्वस्तात सोडत नाही. अखेरीस परशा काळा चष्मा लावून गावी परततो. दृष्टी गेली आहे, आणि जगायचं आहे. दोन्ही गोष्टी तशाच आपल्या हातात ठेवल्या जातात.

कोणी म्हणेल, ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं म्हणून प्राध्यापक त्याची बाजू घेतायत. नाही हो. पुरस्काराने अश्रूची प्रत ठरत नाही, आणि तिकीटबारीनेही ठरत नाही. माझी कसोटी साधी आहे. रडून झाल्यावर काय संपलं? प्रश्नच संपला असेल, तर त्या अश्रूंनी आपल्याला फसवलं. माझी बेफिकिरी थोडी संपली असेल, तर तो करुण रस.

आणि ‘माहेरची साडी’ बघून रडलेल्या बायकांचं म्हणाल, तर त्यांच्यावर हसण्यापेक्षा आपण त्यांना विचारायला हवं होतं, ‘बाई, नेमकं कशासाठी रडलात?’ त्या उत्तरांमधून एक वेगळा चित्रपट निघाला असता. तो करायचा अजून राहिलाय.

पुढच्या वेळी हास्य रस. तिथेही हाच प्रश्न विचारू: हसू कोणाच्या खात्यावर?