प्रवासातलं छायाचित्र आणि घराजवळचं छायाचित्र

आजचा विषय तुमच्या सगळ्यांच्या खिशात आहे. तुमच्या मोबाइलमध्ये कास पठाराची फुलं असतील, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असेल, पावसाळ्यातला एखादा धबधबा असेल, मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त तर नक्कीच असेल. आता एक करून बघा. ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज दूध आणायला जाता, त्या रस्त्याचा फोटो शोधा. गणपतीच्या मिरवणुकीमागे चुकून आलेला रस्ता धरायचा नाही. रस्ता म्हणून रस्त्याचा घेतलेला फोटो हवा. बहुतेकांना तो सापडणार नाही.

यात दोष काढायचा म्हणून आम्ही हे सांगत नाही. प्रवासात कॅमेरा बाहेर येतो आणि घरी परतल्यावर आत जातो, हे स्वाभाविक आहे. पण या सवयीचा आपल्या छायाचित्रांच्या दर्जाशी संबंध आहे, असं आमचं म्हणणं आहे. निसर्गाचं किंवा शहराचं छायाचित्र जोखताना आपण प्रकाश, रंग आणि चौकट बघतो. ते बघायलाच हवं. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा, असं आम्ही सुचवतो: हे छायाचित्र घेणारा त्या जागी परत गेला होता का? आणि गेला असेल, तर ते चित्रात दिसतं का?

आधी जरा इतिहास. आपल्याकडे हे माध्यम फार लवकर आलं. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या मुंबईच्या छायाचित्रकारांपैकी एक. म्हणजे स्वतःच्या शहराकडे कॅमेऱ्यातून बघणारा मराठी माणूस 1850 च्या दशकातच होता. पण निसर्गदृश्य कसं असावं याचा जो साचा पुढे रूढ झाला, तो मुख्यतः प्रवाशांनी घडवला. त्यांतलं सगळ्यात मोठं नाव सॅम्युएल बोर्न.

बोर्न आधी नॉटिंगहॅमला बँकेत कारकून होते. 1863 साली ते भारतात आले आणि 1870 पर्यंत इथे राहिले. या काळात त्यांनी हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत जाऊन काच धुवायची. त्यामुळे कॅमेरा, काचा, रसायनं, तंबू असं सगळं हमालांच्या पाठीवर जायचं. 1866 साली मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांच्या आसपास, त्यांनी हे सगळं करून काचा घेतल्या. कारागीर म्हणून त्यांच्यापुढे हात जोडावेत असंच ते काम आहे.

पण बोर्न यांची तक्रार काय होती, ते बघा. हिमालयात हवी तशी तळी नाहीत, पुढच्या भागात बसवायला पाणी नाही, दृश्य नीट जमून येत नाही, अशी. म्हणजे चित्र कसं असावं हे त्यांनी इंग्लंडहून येतानाच ठरवलं होतं आणि हिमालयाने त्यात बसावं अशी अपेक्षा होती. काश्मीर त्यांना भावलं, कारण तिथे पाणी होतं आणि चौकट भरत होती. त्यांच्या चित्रांत एखादा माणूस दिसतो, तो बहुतेक वेळा डोंगर केवढा मोठा आहे हे कळावं म्हणून उभा केलेला असतो. तो कोण आहे, तिथे काय करतो, हा प्रश्न त्या चौकटीत येत नाही.

बोर्न यांना दीडशे वर्षं झाली. आपण मात्र अजून तेच करतो, फक्त हमाल नाहीत. कोकणकड्यावर जाण्याआधी आपण कोकणकड्याचे शंभर फोटो पाहिलेले असतात. तिथे पोचल्यावर आपण कडा शोधत नाही, तो फोटो शोधतो. तो कुठल्या खडकावरून घेतला असेल, तेवढंच बघतो. आणि ढग आले की म्हणतो, फोटो मिळाला नाही. वास्तविक आषाढात सह्याद्रीच्या धारेवर ढग असणं हीच तिथली खरी गोष्ट असते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. पॅरिसचे यूजीन अत्जे. 1897 च्या सुमारास त्यांनी जुन्या पॅरिसचे फोटो घ्यायला सुरुवात केली आणि 1927 साली मृत्यू होईपर्यंत ते पॅरिस आणि आसपासचा परिसर यातच फिरत राहिले. आपण कलावंत आहोत असा त्यांचा दावा नव्हता. चित्रकारांना, ग्रंथालयांना, संग्रहालयांना लागणारे दस्तऐवज म्हणून ते फोटो विकायचे. जिने, दरवाजांचे कोरीव खांब, दुकानांच्या काचा, अंगणं, झाडं. 1912 साली त्यांनी एका काचोळ्यांच्या दुकानाचा फोटो घेतला. ओळीने टांगलेल्या काचोळ्या स्पष्ट आहेत आणि बाहेर टांगलेली एक वाऱ्याने हलून अस्पष्ट झाली आहे. प्रवाशाने या दुकानापुढे कॅमेरा उभा केला नसता. कारण पाटीवर लिहिण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

आणि परत जाण्याबद्दल म्हणाल, तर 1925 साली, वय अडुसष्ट, त्यांनी पॅरिसजवळच्या सो इथल्या पडीक बागेचे फोटो घेतले. मार्चपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ते तिथे वारंवार गेले. काही चित्रांवर सकाळची वेळ लिहून ठेवली आहे. निष्पर्ण झाडं, मग पालवी, मग गर्द सावली. ही चित्रं एकेक करून बघितली तर साधी वाटतात. ओळीने बघितली की कळतं, इथे चित्राचा विषय बाग नाही, तिथलं बदलणं आहे. हे एका भेटीत मिळत नाही, कॅमेरा कितीही भारी असो.

तिसरं उदाहरण प्रागच्या योसेफ सुदेक यांचं. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. 1940 ते 1954 या काळात त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो घेतले. सुरुवातीची वर्षं जर्मन ताब्याची, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड. खिडकीच्या काचेवर बाष्प धरलेलं, पलीकडे अंगणातलं वाकडं झाड, कधी ओठंगणीवर ठेवलेला पेला. बस, एवढंच. पण त्या काचेवरच्या पाण्याच्या ओघळांत हवा किती गार आहे हे कळतं. चौदा वर्षं एक खिडकी, आणि दोन चित्रं सारखी नाहीत.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण घरच्या माणसाला घर दिसतच नाही. रोजच्या रस्त्यावरचं काय बघायचं? प्रवाशाची नजर ताजी असते. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. म्हणूनच आम्हाला रघुबीर सिंह महत्त्वाचे वाटतात. जन्म 1942, जयपूरचा. पुढे हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशा शहरांत राहिले, 1999 साली गेले. राहायला बाहेर, फोटो मात्र आयुष्यभर भारताचे. गंगेवरचं त्यांचं पहिलं पुस्तक 1974 सालचं आणि नंतरचं 1992 सालचं. मधे अठरा वर्षं. हा माणूस प्रवासी होता, पण परत येणारा प्रवासी होता.

मुंबईवरचं त्यांचं पुस्तक 1994 साली आलं. त्यात दुकानांच्या काचांतून घेतलेली चित्रं बघा. आतला झगमगाट, बाहेरची गर्दी आणि काचेतलं प्रतिबिंब एकमेकांत मिसळतं. आत कोण, बाहेर कोण, हे पटकन ठरवता येत नाही. मुंबईत पैसा आणि फुटपाथ यांच्यामध्ये एका काचेचं अंतर असतं, हे त्या चौकटीत भाष्य न करता आलं आहे. गेटवेचा फोटो कोणीही घेतो. काच दिसायला मात्र त्या शहरात पुन्हा पुन्हा चालावं लागतं. तेव्हा आमचा मुद्दा घर विरुद्ध प्रवास असा नाही. मुद्दा एकदाच बघणं आणि परत येऊन बघणं, असा आहे.

आता ही कसोटी आपल्याकडच्या चित्रांना लावू. साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर कास पठार. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कासही आहे. सप्टेंबरातलं कासचं ठरलेलं छायाचित्र कोणतं? कॅमेरा जमिनीलगत, रुंद भिंग, क्षितिजापर्यंत गुलाबी तेरड्याचा गालिचा, वर ढग, रंग थोडे वाढवलेले. चित्र देखणं असतं, नाही म्हणणार नाही. पण ते कासबद्दल चुकीची गोष्ट सांगतं. गालिचा म्हटला की खाली भरपूर, सुपीक माती असणार असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे जांभ्याचा कातळ आहे आणि वर मातीचा पातळ थर. माती इतकी कसदार नाही, म्हणूनच तिथे सीतेची आसवं ही निळसर फुलांची इवलीशी वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. हा पठाराचा खरा चमत्कार बोटभर उंचीवर आहे. गालिच्याच्या फोटोत तो दिसूच शकत नाही.

आणि याचा परिणाम केवळ चित्रापुरता राहत नाही. गालिचा पाहून लोक गालिच्यात बसायला येतात. फुलांमध्ये बसून काढलेला फोटो हा त्याच चित्राचा पुढचा भाग. त्या पातळ मातीवर पाऊल पडलं की ती दबते. पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, आगाऊ नोंदणी आली. छायाचित्राने जागा प्रसिद्ध केली आणि त्याच प्रसिद्धीचा भार जागेवर पडला. यात छायाचित्रकाराची काहीच जबाबदारी नाही, असं आम्हाला म्हणवत नाही. कासला एप्रिलमध्ये जाऊन काळा, तापलेला कातळ ज्याने टिपला आहे, त्याच्या सप्टेंबरच्या फोटोला वेगळं वजन येतं. कारण ती फुलं कशावर उगवली आहेत, हे त्याला माहीत असतं.

शहराचंही तेच. मलबार हिलवरून रात्री मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा हार दिसतो. हा मुंबईचा सर्वाधिक काढला गेलेला फोटो असावा. त्यामुळे आपल्याला वाटतं, यात नवीन काय? पण 2015 साली तिथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा वाद झाला आठवतं का? शहराच्या हाराचा रंग बदलला, म्हणून लोक भांडले. ज्यांनी त्याच जागेवरून आधी आणि नंतर फोटो घेतले, त्यांच्याकडे त्या वादाचा पुरावा आहे. एकट्या सुंदर फोटोला ती किंमत नाही. जोडीला आहे.

गिरणगावाचा विचार करा. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. काही जणांनी ते चिकाटीने टिपलं, त्यांचे उपकार आहेत. पण चाळींचे जिने, भोंग्याच्या वेळी भरलेले रस्ते, नाक्यावरच्या खानावळी, हे तिथे राहणाऱ्यांनी स्वतः किती टिपलं? तेव्हा कॅमेरा महाग होता, रोल महाग होता, हे मान्य. आज ती सबब उरलेली नाही. आणि आज पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे पुनर्विकास चालू आहे. वाडा पडतो, तिथे सात मजले उभे राहतात आणि दोन वर्षांत शेजाऱ्यालासुद्धा आठवत नाही की आधी तिथे नेमकं काय होतं. ओढ्यावर स्लॅब पडतो, चिंच तोडली जाते. हे कोणत्याही पर्यटकाच्या मोबाइलमध्ये नाही. तुमच्याकडे नसेल तर कुणाकडेच नाही.

मग करायचं काय? फार काही नाही. घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडा. देखणी नको, बदलणारी हवी. महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच ठिकाणी उभं राहून फोटो घ्या. रंग वाढवू नका, कारण पुढच्या वर्षी तुम्हाला खरा रंग लागणार आहे. तारीख आणि ठिकाण वेगळं लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली मूळ माहितीही निघून जाते, तेव्हा मूळ प्रत जपा. आणि लांबच्या प्रवासाला गेलात, तर ठरलेला फोटो खुशाल घ्या. फक्त तो घेऊन झाल्यावर पाठ फिरवा आणि मागे काय आहे तेही बघा. पार्किंग, भज्यांची गाडी, प्लॅस्टिकचा ढीग, रखवालदार, जे असेल ते. त्या जागेचा तोही भाग आहे.

छायाचित्रांच्या स्पर्धांना आणि प्रदर्शनांनाही आमची एक विनंती आहे. एकेकटं उत्तम चित्र निवडण्याबरोबर एकाच जागेच्या दहा चित्रांसाठीही एक भिंत ठेवावी, दोन-तीन वर्षांत मिळून घेतलेल्या. परीक्षकांचं काम अवघड होईल, कारण अशा ओळीत एकही चित्र डोळे दिपवणारं नसेल. पण निसर्ग आणि शहर दोन्ही इतक्या वेगाने बदलत असताना आपल्या टीकेला फक्त डोळे दिपणं मोजता येत असेल, तर ती टीका अपुरी आहे. ती सुधारायची जबाबदारी आमच्यासारख्या बोलणाऱ्यांची आहे आणि बघणारे म्हणून तुमचीही. प्रश्न असतील तर आता जरूर विचारा.