डाव्या हाताचा मिनार

बीदरच्या चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या दिशेने निघालं की वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. तोंड पूर्वेला. समोर उभं राहिलं की उजव्या हाताला मिनार दिसतो, डाव्या हाताला नुसतं आकाश. मिनार मुळात दोन होते. इराणातल्या गीलानहून आलेल्या या बहमनी वजिराने १४७२ मध्ये मदरसा पुरा केला. १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढे मोगलांच्या ताब्यात असताना इथे दारूगोळा साठवला गेला आणि १६९६ मध्ये त्याचा भडका उडाला; वीज पडल्यामुळे, असं सांगतात. त्यात दक्षिणेकडचा मिनार, प्रवेशद्वार आणि दर्शनी भिंतीचा मोठा भाग गेला.

भालकीत लग्नाचे अल्बम जुळवून देणाऱ्या एका तरुणाने हा गेलेला डावा भाग कॉम्प्युटरवर पुन्हा उभा केला आहे. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर लावलेलं ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, यात काय अवघड आहे? उजवा मिनार उचलायचा, आरशातल्यासारखा फिरवायचा आणि डावीकडे ठेवून द्यायचा. दुसऱ्यांदा पाहताना कळलं की हे चित्र पेललं आहे ते त्याने न फिरवलेल्या गोष्टींवर.

समोरून काढलेल्या फोटोवर त्याने एकेक गोष्ट वेगळ्या लेअरवर रंगवून घेतली आहे. वीटकाम एका लेअरवर, झिलईच्या फरशा दुसऱ्या, अक्षरांची पट्टी तिसऱ्या. मग पडझड, ऊन-सावली, आकाश. आता यातला फक्त मिनाराचा तुकडा हलवायचा, तोही हव्या त्या सगळ्या थरांतून सारखा. इथेच नवशिक्याचं काम बिघडतं. प्रत्येक लेअरवरचा तुकडा वेगवेगळा उलटवला की तो आपापल्या मध्यभागाभोवती फिरतो. विटांचा तुकडा रुंद, फरशांचा अरुंद, त्यामुळे दोघांचे मध्य वेगळे. फरशा विटांवरून सरकतात आणि मिनाराला स्वतःचंच कातडं बसेनासं होतं. म्हणून त्याने मिनाराची निवड एकदाच करून साठवून ठेवली, हव्या त्या प्रत्येक लेअरमधून तेवढाच भाग नवीन लेअरवर घेतला, ते सगळे एका ग्रुपमध्ये बांधले आणि ग्रुप एकदम उलटवला. सगळ्यांचा आस एक झाला. चित्रात डाव्या मिनाराच्या बुंध्याशी नजर नेऊन पाहा: नागमोडी पट्ट्यांची फरशी आणि खालची वीट यांच्यात केसभर फट नाही. वर मान करून फोटो काढला की उंच मिनार किंचित आत कलल्यासारखा येतो. उजवा डावीकडे कलला, तर डावा उजवीकडे कलायला हवा, आणि तो तसाच कललेला आहे.

पण त्या ग्रुपमध्ये त्याने सावली घेतली नाही. दर्शनी बाजू पूर्वेची, म्हणजे आपल्या डाव्या हाताला दक्षिण. थंडीतला सकाळचा सूर्य आग्नेयेकडे असतो, त्यामुळे मिनाराची डावी कूस उजळ आणि उजवी काळपट. मिनारासोबत सावलीही उलटली असती, तर एकाच भिंतीवर दोन सूर्य उगवले असते. डाव्या मिनारावरची सावली त्याने नव्याने रंगवली, उजव्यावर पडते त्याच अंगाला. अक्षरं नसलेला, माणसं नसलेला हा एवढाच काळपट पट्टा, पण त्यानेच तो मिनार त्या सकाळी त्या जागी उभा आहे असं वाटतं.

पडझडही त्याने नेली नाही. उजव्या मिनारावर फरशा जिथे गळल्या आहेत, नेमक्या तिथेच डाव्यावर गळलेल्या दिसल्या असत्या तर नक्कल लगेच ओळखू आली असती.

आणि मग ती अक्षरपट्टी. भिंतीच्या वरच्या अंगाला अरबी अक्षरं आहेत. उलटवली तर वाचताच येणार नाहीत. अरबी सुलेखनात मुसन्ना नावाचा प्रकार आहे, त्यात एकच वाक्य आरशातल्यासारखं समोरासमोर लिहितात. पण ते लिहिणारा तसं योजून लिहितो. इथे तो आडोसा घेता येत नव्हता. न उलटवता नुसती उचलून ठेवावी, तर तेच शब्द दोनदा. मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘काका, तिथं काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही. मी कसं लिहू?’’ डावी पट्टी त्याने नुसती निळी सोडली आहे. माझ्या मते चित्रातली सर्वांत सुंदर जागा हीच.

काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, ही समज बीदरच्या माणसाला परकी नसावी. बिदरी काम पाहा. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, मोरचुदाने ते काळवंडवून त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या खाचांत चांदी ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं पाणी अख्ख्या भांड्यावर फिरतं. काळं पडतं ते फक्त जस्ताचं अंग. चांदी जशीच्या तशी राहते. पाणी सगळ्यावरून गेलं, बदललं मात्र बदलायचं तेवढंच. भालकीच्या या मुलाने माउसने तेच साधलं आहे.

त्याने आणखी एक गोष्ट केली. डाव्या भागाचा सगळा ग्रुप त्याने अर्धपारदर्शक ठेवला. मागचं आकाश त्यातून दिसतं. जुन्या वास्तूत नवी भर घालताना ती मुळाशी जुळावी, पण मूळ म्हणून खपू नये, असं १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलं आहे. त्याने ती सनद वाचलेली नाही. तरीही त्याच्या चित्रात उरलेला मिनार खरा दिसतो आणि गेलेला मिनार गेलेलाच दिसतो. पाहताना आनंद होतो आणि पोटात कालवतंही.

एक गोष्ट मात्र खटकते. आकाश. ते अल्बममधलं आहे, गडद निळं, एकही डाग नसलेलं. दख्खनच्या पठारावरचं पौषातलं आकाश इतकं रंगीत नसतं, फिकट धुरकट असतं. खऱ्या फरशांचा निळा आणि पोपटी-हिरवट रंग त्या आकाशापुढे मिटतो. एवढं नेमकं काम करणाऱ्याने हाच एक लेअर दुसरीकडून का आणावा? मी त्याला तसं सांगितलं आहे, आणि मूळ फोटोतलं आकाश परत लावायला तो तयार आहे.

चित्र भालकीत आहे, मिनार बीदरला आहे, आणि दोन्ही गावांत फार अंतर नाही. आधी मिनार पाहा. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर जा, ऊन फरशांवर समोरून पडतं. आणि उजवा मिनार पाहून झाला की लगेच निघू नका. डावीकडच्या मोकळ्या जागेकडेही तेवढाच वेळ पाहा.