आदर्श वक्ता आणि सीमाभागातली बाई

नोम चॉम्स्की यांचं ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ 1957 मध्ये आलं आणि व्याकरणाकडे बघायची नजरच पालटली. मोजक्या नियमांतून अगणित वाक्यं कशी घडतात, हे सांगणं व्याकरणाचं काम ठरलं. लेकरू कधी न ऐकलेलं वाक्य सहज बोलून जातं, हे आपण बायका घरात रोज ऐकतोच. त्याची शास्त्रानं दखल घेतली ती यांच्यामुळे.

1965च्या पुस्तकातला त्यांचा आदर्श वक्ता मात्र मला पटत नाही. तो म्हणे सगळे एकसारखंच बोलणाऱ्या समाजात राहतो! अभ्यासाच्या सोयीसाठी धरलेली कल्पना आहे, मान्य. पण आमच्या सीमाभागात असा माणूस कुठं शोधायचा? सांगली जिल्ह्यातल्या ‘कुपवार’ गावावरचा गंपर्झ आणि विल्सन यांचा अभ्यास 1971 मध्ये छापला गेला. तिथले जैन घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, आणि एकमेकांशी बहुधा मराठी. शतकांच्या शेजारानं शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची घडण इतकी जुळली, की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की झालं भाषांतर. मग ते नियम कुणाचे म्हणायचे, कन्नडचे की मराठीचे?

चुलीपाशी एक नि बांधावर दुसरी भाषा बोलणाऱ्या त्या घरातल्या बाईला चॉम्स्कींच्या मांडणीत जागा नव्हती. तिचं बोलणं टिपून घ्यायला गंपर्झसारखे वेगळ्या वाटेचे अभ्यासकच यावे लागले.